पहारेकऱ्याची डुलकी

ऑफिसात त्याला सेकंदराव म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. नव्यानं लागलेल्या एका मुलीनं त्याला खऱ्या नावानं हाक मारली, तेव्हा ही दुसऱ्याच कुणाला बोलावतेय असं समजून तो खाली मान घालून काम करत राहिला होता. पन्नाशीला टेकलेला, अंगानं किडकिडीत, बोलण्यात कंजूष. दवाखान्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत त्याची उभी हयात गेली आणि त्या हयातीत त्यानं एकच काम केलं. यंत्राला खरी वेळ कळते की नाही, ते बघायचं.

ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? घड्याळ मागे पडलं तर पुढे करावं, बंद पडलं तर बदलावं. त्याच्या नातेवाइकांनाही तसंच वाटायचं. कुणाच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ थांबलं की ते पिशवीत घालून याच्याकडे आणून देत, आणि हा बापडा मुकाट्यानं सेल बदलून परत करी. आपलं काम काय, हे समजावून सांगायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. पण पुढचं सगळं कळायचं तर आपल्याला ते थोडं समजून घ्यावंच लागेल.

यंत्रातल्या कॉम्प्युटरमध्ये, सगळ्या प्रोग्रामांच्या तळाशी एक प्रोग्राम असतो. त्याला कर्नल म्हणतात. बाकीच्यांना काय हवं-नको ते त्यांनी त्याच्याकडे मागायचं. वेळसुद्धा. पण कर्नलला वेळ कोण सांगणार? तर यंत्रात घड्याळ एक नसतं, तीन-चार असतात. एक प्रोसेसरच्या आतलं, भलतंच चपळ, पण तापलं की कधी कधी बिथरणारं. एक बाहेर बोर्डावरचं, संथ आणि धीराचं. एक बॅटरीवर चालणारं, यंत्र बंद केलं तरी जागं राहणारं. कर्नल रोजच्या कारभाराला चपळ घड्याळ घेतो आणि त्याच्यावर एक पहारेकरी बसवतो. हा पहारेकरीही प्रोग्रामचाच तुकडा. तो थोड्या थोड्या वेळानं एकदा संथ घड्याळाकडे बघतो, एकदा चपळ घड्याळाकडे बघतो, आणि दोघांचं जुळलं नाही की बोंब ठोकतो, हे चपळ घड्याळ भरवशाचं नाही! मग कर्नल त्याला बाजूला करून संथ घड्याळावर गाडा हाकतो. सेकंदरावांचं आयुष्य या बोंबांच्या मागे धावण्यात गेलं. कुठली खरी, कुठली खोटी, ते ठरवायचं.

त्याचा एक नियम होता आणि तो त्यानं कधी मोडला नाही. ज्या घड्याळावर संशय आहे, त्यालाच वेळ विचारायची नाही. त्याला हातही लावायचा नाही, कारण नुसतं बघायला गेलं तरी यंत्राचं वागणं बदलतं. बाजूची घड्याळं गोळा करायची आणि त्यांची साक्ष घ्यायची. दोघं भांडत असली तर निकाल लागत नाही, तिसरं शोधायचं. सगळं जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम त्यानं इतका अंगी मुरवला होता की घरीसुद्धा त्याची बायको वैतागायची. दूध नासलंय का एवढं विचारलं तरी हा उत्तर द्यायला दोन दिवस घेईल, असं ती म्हणे.

त्याला हे वेड लावलं ते त्याच्या ताईनं. आई लहानपणीच गेली, वडील सदा फिरतीवर, आणि घर सांभाळायला ही सात-आठ वर्षांनी मोठी बहीण. धाकटा शाळेला रोज उशिरा पोचतो म्हणून तिनं घरातलं घड्याळ गुपचूप पुढे लावलं. याला ते कळलं. हा मनात तेवढी मिनिटं वजा करून पुन्हा आरामात बसू लागला. मग तिनं आणखी पुढे लावलं, यानं आणखी वजा केलं. शेवटी त्या घरात खरे किती वाजले हे दोघांनाही ठाऊक नसे आणि शेजारची आजीसुद्धा त्यांच्या घड्याळाकडे बघून हसायची. पुढे ताई नर्स झाली, लग्न होऊन स्वतःच्या घरी गेली, तरी तिच्या भिंतीवरचं घड्याळ कायम पुढेच. ‘ड्यूटीला उशीर नको व्हायला,’ म्हणायची. आणि खरंच, उभ्या नोकरीत ती एकदाही उशिरा पोचली नाही.

तर या ताईवरच बालंट आलं.

ती ज्या दवाखान्यात होती तिथे सेकंदरावांच्या कंपनीचेच पंप होते. सलाईनच्या नळीतून औषध हळूहळू सोडणारी ही छोटी पेटी. नळी कुठे मुडपली, औषध अडलं, की पेटी वाजते. नर्सनं येऊन नळी सरळ करायची आणि बटण दाबायचं. एका दुपारी वॉर्डाच्या टोकाला असलेल्या म्हाताऱ्या पेशंटचा पंप वाजला. रक्तदाब धरून ठेवणारं औषध होतं ते. ताई सांगत होती, वाजला तशी मी उठले, नळी सरळ केली, बटण दाबलं. पंप मात्र सांगत होता की वाजल्यापासून बटण दाबेपर्यंत नऊ मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी म्हातारा गेला. तो तसाही फार आजारी होता आणि त्या नऊ मिनिटांनीच गेला असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगेना. पण त्याच्या मुलीनं तक्रार केली. तिचं तरी काय चुकलं? बाप गेल्यावर माणूस विचारणारच.

आता गंमत बघा. गंमत म्हणजे कसली, नशिबाची थट्टा. त्या नऊ मिनिटांच्या मधोमध पंपाच्या नोंदीत पहारेकऱ्याची बोंब होती. चपळ घड्याळ भरवशाचं नाही, बाजूला केलं. दवाखान्याच्या अधीक्षक मॅडमनी तेवढी ओळ पकडली. पंपाचं घड्याळच बिघडलेलं, तर नऊ मिनिटं कुठली आणि काय कुठली! कंपनीच्या मोठ्या साहेबांना हे परवडणारं नव्हतं. असे पंप गावोगावी लागले होते.

साहेबांनी सेकंदरावांना केबिनमध्ये बोलावलं.

‘ती नर्स माझी सख्खी बहीण आहे,’ यानं आधीच सांगून टाकलं. ‘हे काम दुसऱ्या कुणाला द्या.’

‘दुसरा आहे कोण?’ साहेब म्हणाले. ‘आणि बहीण आहे ते बरंच आहे की. तू कंपनीची बाजू घेतलीस असं उद्या कुणी म्हणायला नको. त्या मॅडमनाही मी सांगितलंय. त्या तर खूशच झाल्या.’

खूश का झाल्या ते उघडच होतं. भाऊ बहिणीच्या विरोधात कशाला जाईल?

पंप त्याच्या टेबलावर आला. आयुष्यात पहिल्यांदा सेकंदरावांना वाटत होतं की घड्याळ चुकलेलं निघावं. इतकी वर्षं तो घड्याळांची बाजू घेत आला होता. कुणी उगाच एखाद्याला नावं ठेवली की याला राग यायचा. आणि आता तो त्या पेटीसमोर बसून म्हणत होता, चुकलेलं अस रे बाबा. एवढ्या एका वेळी चुकलेलं अस.

त्यानं पंप चालू ठेवला, बंद केला, पुन्हा चालू केला. बर्फाच्या पिशव्या लावून गारठवला. मग बायकोचं केस वाळवायचं मशीन घरून आणलं आणि गरम हवेचा झोत पंपावर धरून बसला. येणारे-जाणारे हसत होते. ‘सेकंदराव, पंपाला न्हाऊमाखू घातलंत वाटतं?’ कुणीतरी म्हणालं. एरवी तो निदान ओठ तरी हलवायचा. आता त्याचं लक्षच नव्हतं.

पंप तापला आणि पहारेकऱ्यानं बोंब ठोकली. अगदी दवाखान्यात ठोकली होती तशीच.

सापडलं! तापलं की घड्याळ बिथरतं, ताई सुटली. त्याच क्षणी त्यानं काम थांबवलं असतं तर त्याला दोष कुणी दिला असता? पण सवय वाईट असते. त्यानं तिसरं घड्याळ काढलं, बॅटरीवरचं, आणि ते चपळ घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन्ही जुळत होती. पुन्हा तापवलं, पुन्हा बोंब, पुन्हा जुळलं. चपळ घड्याळ बिचारं तापूनसुद्धा बरोबर चालत होतं. बोंब मारणाराच चुकत होता.

कसं, ते शोधायला त्याला बरेच दिवस लागले. झालं होतं असं. पंप तापला की पंखा जोरात फिरवायला कर्नलच्याही खालचा, बोर्ड बनवणाऱ्यानं आधीच घालून ठेवलेला एक प्रोग्राम जागा होई आणि कर्नललासुद्धा न विचारता प्रोसेसर ताब्यात घेई. तेवढा वेळ बाकी सगळं जागच्या जागी गोठे. पहारेकरी नेमका तेव्हा संथ घड्याळाकडे बघून झालेला असे आणि चपळ घड्याळाकडे बघायचं राहिलेलं असे. मध्येच त्याची डुलकी लागे. जाग आली की तो काही झालंच नाही अशा थाटात चपळ घड्याळाकडे बघे आणि ओरडे, हे पुढे गेलंय! आपण भिंतीवरचं घड्याळ बघावं, तेवढ्यात दारावर कुणी यावं, त्याच्याशी बोलून परत येऊन मनगटावरचं घड्याळ बघावं आणि म्हणावं, हे मनगटावरचं बिघडलंय. तसं. पहारेकऱ्याला आपण झोपलो होतो हे माहीतच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

हे कळलं तेव्हा सेकंदरावांनी केस वाळवायचं मशीन पिशवीत घालून ठेवलं.

तरी त्यानं आशा सोडली नाही. टेबलावरचं झालं, पण त्या दुपारचं काय? त्या दुपारचा तिसरा साक्षीदार हवा. तोही मिळाला. वॉर्डातल्या नर्सच्या टेबलावर कॉम्प्युटरचा एक पडदा होता, सगळ्या पंपांचे संदेश तिथे जमा होत आणि तो स्वतःच्या घड्याळाची वेळ त्यांच्यावर टाके. ते घड्याळ कुणीतरी हातानं लावलेलं, चांगलंच पुढे होतं, म्हणून ते कुणी जमेसच धरलं नव्हतं. पण पुढे असलेलं घड्याळही दोन वेळांमधलं अंतर बरोबर सांगतं. ताईच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. पंप वाजल्याचा संदेश आणि बटण दाबल्याचा संदेश, मधे नऊ मिनिटं.

झोपेत माणसाला पहिली हाक ऐकू येत नाही. ऐकू येते ती शेवटची, आणि त्याला वाटतं हीच पहिली.

हा निकाल सगळ्यांसमोर मांडायच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी ताईनं त्याला जेवायला बोलावलं. तो गेला. जायला नको होतं, पण गेला. तिनं त्याच्या ताटात वाढता वाढता सहज विचारलं, ‘काय रे धाकट्या, लागला का शोध?’

‘उद्या कळेल, ताई. आज काही विचारू नकोस.’

‘बरं बाबा, साहेब झालास तू आता,’ ती हसली. ‘हा भात घे आणखी.’

त्यानं घेतला. पुन्हा वाढला तोही घेतला, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. समोर भावोजी बसले होते, ताईचे यजमान. हा घरी गेल्यावर तिनं त्यांना काय सांगितलं ते याला फार उशिरा कळलं. ती म्हणाली होती, ‘काळजी नको. वाईट असतं तर त्याच्या घशाखाली घास उतरला नसता. मी ओळखते त्याला.’

त्यानं का सांगितलं नाही? स्वतःला तो नियम सांगत होता. जिची तपासणी चालू आहे तिलाच कसं सांगायचं? उद्या ती काय बोलेल ते आपल्या सांगण्यानं बदलेल, मग तिच्या बोलण्याला किंमत काय राहील? ऐकायला बरोबर वाटतं. पण खरं बोलायचं तर त्या नियमाच्या आड एक भ्यालेला भाऊ लपून बसला होता. नियमानं त्याला लपायला जागा दिली एवढंच. आणि माणूस म्हणजे घड्याळ नव्हे, इतकी साधी गोष्ट त्या शहाण्याच्या डोक्यात आली नाही, याचा राग येतो.

मीटिंग दवाखान्यातच होती, अधीक्षकांच्या केबिनशेजारच्या लांब खोलीत. खिडकीला हिरवट काच, टेबलावर पाण्याचे ग्लास उपडे घातलेले. एका बाजूला अधीक्षक मॅडम आणि त्यांच्या शेजारी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर. दुसऱ्या बाजूला साहेब आणि सेकंदराव. टेबलाच्या टोकाला, त्या वारलेल्या म्हाताऱ्याची मुलगी, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. ताई भिंतीलगतच्या खुर्चीत होती. इस्त्रीचा पांढरा गणवेश, केस चापूनचोपून बसवलेले. भावाकडे बघून तिनं मान किंचित हलवली. शाळेत बक्षीस घ्यायला तो स्टेजवर चढायचा तेव्हा ती अशीच मान हलवायची.

‘सिस्टर, त्या दुपारी नेमकं काय झालं ते एकदा सगळ्यांसमोर सांगा,’ मॅडम म्हणाल्या.

‘पंप वाजला तशी मी उठले,’ ताईनं स्पष्ट आवाजात सांगितलं. ‘लगेच गेले. एक क्षण घालवला नाही.’ मग ती त्या मुलीकडे वळली. ‘बाई, तुमच्या वडिलांची शपथ घेऊन सांगते. मी वेळ घालवला नाही.’

सेकंदरावांना वाटलं, आत्ता थांबवावं, म्हणावं, ताई, थांब, बाहेर चल, तुझ्याशी बोलायचंय. त्यानं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात मॅडमनी त्याच्याकडे हात केला. ‘आता तुम्ही सांगा.’

त्यानं सांगितलं. घड्याळ बरोबर होतं. बोंब खोटी होती. पडद्याची साक्ष पंपाशी जुळते. नऊ मिनिटं खरी आहेत.

मॅडमचा चेहरा उतरला, साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला. ताई भावाकडे बघत राहिली. रागानं नाही. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं आणि तो आता दुरुस्त करील, अशा नजरेनं.

मग ती मुलगी बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

‘तुमचा डोळा लागला असता तर मी समजले असते. त्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा बाबाच म्हणाले होते, या सिस्टर कालपासून उभ्या आहेत गं, यांना कुणी घरी का सोडत नाही. मी तुम्हाला माफ केलं असतं. पण तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात. आणि वर माझ्या बाबांची शपथ घातलीत.’

‘त्या खोटं बोलत नाहीयेत,’ सेकंदराव घाईघाईनं म्हणाला. ‘ते कसं असतं, पहारेकऱ्याला डुलकी लागते ना, तेव्हा त्याला स्वतःला—’

‘कोण पहारेकरी?’ मॅडमनी विचारलं.

तो सांगू लागला. संथ घड्याळ, चपळ घड्याळ, मधेच गोठलेला प्रोग्राम. जन्मात कधी कुणाला समजावून न सांगितलेला माणूस, त्याला ते तेव्हा कसं जमणार? शब्दात शब्द अडकत गेला. मॅडमनी हात वर केला. ‘तुमचं घड्याळापुरतं झालं ना? आभारी आहे.’

मोठ्या सिस्टर टेबलावरच्या उपड्या ग्लासाकडे बघत होत्या. त्या शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

ताईला काढून टाकलं ते डुलकीसाठी नव्हे, खोटं बोलल्याबद्दल. डुलकीसाठी समज देऊन भागलं असतं, चौकशी झाली असती, आदल्या रात्रीपासून तिला कुणी थांबवून ठेवलं तेही निघालं असतं. पण खोटं बोलणारीचं कोण ऐकतो? सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि प्रकरण मिटलं. साहेबांनी सेकंदरावांची पाठ थोपटली. भावोजींनी फोन करून एवढंच विचारलं, ‘बहिणीचा केसानं गळा कापलास, झोप येते का रे तुला?’ आणि उत्तराची वाट न बघता ठेवला.

तो कामाला लागला. दुसरं काय येत होतं त्याला? पहारेकऱ्याच्या प्रोग्राममध्ये त्यानं चार ओळी घातल्या. पहारेकऱ्यानं आधी संथ घड्याळ बघायचं, मग चपळ, मग पुन्हा एकदा संथ. दोन वेळा बघितलेल्या संथ घड्याळात फार अंतर पडलं, तर याचा अर्थ मधे आपणच झोपलो होतो. तसं झालं तर कुणाला नावं ठेवायची नाहीत, गप्प राहून पुन्हा बघायचं. त्या ओळी सगळ्या पंपांत गेल्या. कुठल्याही घड्याळाची उगाच बदनामी व्हायची थांबली. ऑफिसात टाळ्या वाजल्या, आणि तो तोंड धुवायला म्हणून उठून गेला तो बराच वेळ परत आला नाही.

ताईकडे जायचं धैर्य व्हायला त्याला कितीतरी आठवडे लागले. एका संध्याकाळी गेला. भावोजी दार उघडून आतल्या खोलीत निघून गेले. दाराशी तिचे ड्यूटीचे पांढरे बूट होते, त्यांवर धूळ बसलेली. ताई वाळली होती. तिनं चहा टाकला, कप त्याच्यासमोर ठेवला आणि समोर बसली. बराच वेळ दोघांनी इकडचं तिकडचं काढलं. शेजारच्यांचं घर रंगवून झालं, नळाला पाणी बारीक येतं, असलं काहीतरी.

मग तीच म्हणाली, ‘मला खरंच ठाऊक नव्हतं रे.’

‘माहीत आहे मला.’

‘तुला माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं.’ ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. ‘आदल्या संध्याकाळीच मी मोठ्या सिस्टरांना म्हटलं होतं, डोळे उघडे राहत नाहीत, मला सोडा. बदलीची आली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही थांबले. तू एक शब्द बोलला असतास, ताई, तुझा डोळा लागला होता, तर मीच उभी राहून सांगितलं असतं त्या पोरीला. पाय धरले असते तिचे. झोप लागणं पाप नाही. मी शपथ घातली, धाकट्या. मेलेल्या माणसाची खोटी शपथ घातली मी. तू समोर बसला होतास आणि घालू दिलीस.’

त्याच्याकडे नियम होता, पण तो सांगायची लाज वाटली.

‘घड्याळांना विचारलंस,’ ती हळूच म्हणाली. ‘तिघा-तिघांना विचारलंस. मला तेवढं नाही विचारलंस. तोंडघशी पाडलंस रे मला.’

ती रडली नाही. तोच रडला, मान खाली घालून, आवाज न करता. तिनं थोडा वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी तो पडून आला की ठेवायची तसा, पण तेव्हाइतका वेळ नाही ठेवला.

बाहेर अंधारून आलं होतं. त्याच्या गावाकडे जाणारी शेवटची बस संध्याकाळीच सुटे. त्यानं नाक पुसलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सवयीनं मनातल्या मनात नेहमीची मिनिटं वजा केली. भरपूर वेळ होता. सावकाश थंड चहा संपवला, भावोजींना आतल्या खोलीच्या दारातून येतो म्हणाला, त्यांनी मान वर केली नाही. पायात बूट घालताना त्याचं लक्ष मनगटाकडे गेलं.

त्यानं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती.

‘ताई, हे पुढे नाहीये?’

‘लावलं मागे,’ ती म्हणाली. ‘आता मला कुठे वेळेवर पोचायचंय?’

‘अगं, माझी बस गेली! मला आधी सांगायचंस ना—’

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग त्याला ते ऐकू आलं. एक बूट पायात, एक हातात, तो तसाच वाकलेला राहिला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. टेबलावरचा त्याचा रिकामा कप उचलला आणि विसळायला आत घेऊन गेली.